चौघींच्या वयांची बेरीज

चौघींच्या वयांची बेरीज दोनशे अठ्ठ्याहत्तर होत होती, आणि या बेरजेनं गेला महिनाभर रेत्नोचं डोकं खाल्लं होतं. ज्येष्ठांच्या रिलेत चौघींची वयं एकत्र मोजतात. दोनशे ऐंशी भरली की वरचा गट मिळतो, तिथं सगळ्या आपल्यासारख्याच, गुडघे धरून पायऱ्या चढणाऱ्या. नाही भरली, तर खालच्या गटात जायचं आणि जकार्ताच्या जेमतेम साठीच्या बायकांच्या लाथांनी उडालेलं पाणी प्यायचं. जेमतेम साठीच्या बायका म्हणजे रेत्नोच्या लेखी पोरीच.

"दोन वर्षांनी घात केला," सेमारांगहून सोलोला येताना गाडीत ती तिसऱ्यांदा म्हणाली.

"मग माझ्या आईला जाऊन विचार, हिला दोन वर्षं आधी काढायला काय झालं होतं म्हणून," जिओक म्हणाली. जिओक एकाहत्तर वर्षांची, लुंपियाच्या, म्हणजे सारण भरून तळलेल्या गुंडाळ्यांच्या, दुकानाची मालकीण. तिचे हात तळणीपुढे आणि पाण्यात सारख्याच वेगानं चालत. "बाई गं, महिनाभर तेच तेच दळण. लुंपिया खा आणि गप्प बस."

"मला गट कुठलाही चालेल," मागच्या सीटवरून प्राप्ती म्हणाल्या. प्राप्ती बहात्तरच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, साठाव्या वर्षी पोहायला शिकलेल्या. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या गळ्यात पदकं घातली. स्वतःच्या गळ्यात एकसुद्धा नाही. एक मिळालं की सुटले."

चौथी तिनी. सदुसष्ट वर्षांची, चौघींत धाकटी आणि चौघींत एकटीच खरी पोहणारी. लहानपणी जकार्ताच्या शिबिरात निवड झालेली, पेपरात फोटो आलेली. ती खिडकीबाहेर बघत बसली होती. रेत्नोनं लुंपियाचा पुडा पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "नको म्बाक, पोट जरा बरं नाही."

म्बाक म्हणजे ताई. रेत्नो तिनीपेक्षा वर्षानं मोठी. जावा बेटावर एका वर्षाचं अंतरही कुणी सोडून देत नाही, आणि तिनीनं तर पंचावन्न वर्षांत एकदाही नुसतं 'रेत्नो' म्हटलं नव्हतं.

तलावावर पोचल्यावर आधी कॉश्च्युम चढवायचा कार्यक्रम. शर्यतीचा कॉश्च्युम घालत नाहीत, चढवतात. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत तो इतका आवळ असतो की हातात घेतला तर दहा वर्षांच्या मुलीचा वाटावा. पायांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून आधी त्या सरकवायच्या, मग इंच इंच वर. नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनी ओढायचं. मांड्यांपर्यंत आपला आपल्याला येतो, पुढे दुसरीचे हात लागतात. एकीला वीस मिनिटं. त्यात घाम, शिव्या, आणि एकमेकींच्या अंगाला आलेल्या वळ्यांवरून सगळं बोलून होतं. प्राप्ती आणि जिओक एकमेकींना चढवत, रेत्नो आणि तिनी एकमेकींना. दहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर रेत्नो सहा महिने घराबाहेर पडली नव्हती, तेव्हा तिनीनंच तिला ओढत तलावावर नेलं होतं. तेव्हापासून ही जोडी ठरलेली.

आज तिनीनं रेत्नोचा आधी चढवला. मग रेत्नोनं वरून बाटिकचं लुगडं गुंडाळलं, चौघींची ओळखपत्रं असलेलं पाकीट घेतलं आणि रिलेचा अर्ज द्यायला बाहेरच्या टेबलाशी गेली. क्लबची चिटणीस तीच. सगळे अर्ज तीच भरायची, तेही तोंडपाठ माहितीवर. आजवर गावातल्या गावात शर्यती झाल्या होत्या, तिथं कुणी कागद तपासले नव्हते.

टेबलाशी बसलेल्या मुलीनं डोक्यावरच्या रुमालाची कड कानामागे सारली, चारही ओळखपत्रं मांडली आणि अर्जाच्या एकेका ओळीवर पेन्सिल टेकवली. तिसऱ्या ओळीवर ती थांबली.

"बू," मोठ्या बाईंना म्हणतात तसं ती म्हणाली, "इथं तुमची जरा चूक झालीय."

"माझी?" रेत्नो म्हणाली. "मुली, मी जमीन नोंदणीच्या कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखन केलंय."

"बू हार्तिनी यांचं जन्मसाल तुम्ही अठ्ठावन्न लिहिलंय. कार्डावर पंचावन्न आहे." हार्तिनी म्हणजे तिनी.

"मग कार्डवाल्यांनी चूक केली असेल. यांना कुणी विचारलंय? माझ्या चुलत भावाला त्यांनी एकदा बाईमाणूस करून टाकलं होतं."

मुलगी हसली. "असेल, बू. पण आम्हाला कार्डावरचंच धरावं लागतं." तिनं पेन्सिलीनं आकडे जुळवले. "एकूण दोनशे एक्याऐंशी. वरचा गट! अभिनंदन. तुमच्यात आता तीनच संघ आहेत, एक सिंगापूरचा, एक सुराबायाचा आणि तुमचा."

जिओक आणि प्राप्ती ओले केस पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. जिओकनं चीत्कार केला. प्राप्ती म्हणाल्या, "पण हे कसं काय झालं?"

"विचारताय काय?" जिओक म्हणाली. "दुकानात माल चुकून जास्त आला की आपण ट्रकवाल्याला हाका मारतो का? चला, मला दुसऱ्या टोकाला जायचंय, लांब आहे ते." आणि ती प्राप्तींना दंडाला धरून घेऊन गेली.

रेत्नोनं कार्ड उचललं. फोटो तिनीचा. हनुवटीवरचा तीळ तिनीचा. चौदा नोव्हेंबर, तारीखही तिनीचीच, दर वर्षी रेत्नो त्या दिवशी पिवळ्या भाताचा डोंगर रचून तिच्या घरी न्यायची. सात वर्षांपूर्वी साठीचा म्हणून तर केवढा रचला होता, वर लाल मिरचीचं फूल. साल तेवढं पंचावन्न. आणि तिला एकदम आठवलं की तिनी बँकेतून निवृत्त झाली तेव्हा म्हणाली होती, "मी आपली लवकर सोडली नोकरी, कंटाळा आला." लवकर कसली! भरली होती वर्षं.

तिला मोठा श्वास घ्यायचा होता, पण त्या कॉश्च्युममध्ये तो घेता येत नव्हता. ती टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. मुलगी म्हणाली, "बू, बसता का?" नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला वजाबाकी करायला वेळ लागत नाही. तिला त्या वजाबाकीचीच भीती वाटत होती.

एकोणीसशे सत्तर. सेमारांगचा जुना तलाव, तेरा वर्षांपर्यंतच्या मुलींची शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक. पहिली येईल तिला जकार्ताच्या शिबिरात नेणार, एकटीलाच. रेत्नो तेरा वर्षांची, तिनी बाराव्या वर्षात. असं सगळे म्हणत. काटकुळी, ठेंगणी, आईनं शिवलेला नायलॉनचा कॉश्च्युम पाठीवर फुग्यासारखा फुगलेला. शेवटच्या हाताला तिनीनं भिंत गाठली आणि रेत्नोनं तिच्यानंतर गाठली. फरक चार दशांश सेकंदांचा. लोक म्हणाले, एवढीशी पोर, बघा!

रेत्नोचे वडील दुष्ट नव्हते. घरी येताना त्यांनी तिला बर्फाचं सरबत पाजलं. मग म्हणाले, "तुझ्याहून लहान मुलगी तुला हरवते, म्हणजे देवानं तुला यासाठी केलेलं नाही. आता पाण्यातून बाहेर ये." दुसऱ्या आठवड्यात तिचं नाव टंकलेखनाच्या वर्गात घातलं. पुढची पंचेचाळीस वर्षं ती पाण्यात उतरली नाही. आणि या पंचेचाळीस वर्षांत तिनं ते वाक्य खरं मानलं होतं. आपल्याहून लहान मुलगी आपल्याला हरवते. नोकरीत बढती हुकली तेव्हाही ते मानलं, मुलाच्या शाळेत बोलायला उठावंसं वाटलं आणि उठली नाही तेव्हाही.

तिनी लहान नव्हती. तिनी पंधराव्या वर्षात होती.

कपडे बदलायच्या खोलीत तिनी बाकावर बसली होती. कॉश्च्युम मांड्यांपर्यंत आलेला, वर टॉवेल. "आलीस? चल म्बाक, लवकर, पंचवीसच मिनिटं राहिलीत."

रेत्नोनं दार लावलं आणि कार्ड तिच्या मांडीवर टाकलं.

तिनीनं खाली बघितलं. वर बघितलं नाही.

"मला म्बाक म्हणतेस?" रेत्नोचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "माझ्याहून दोन वर्षांनी मोठी घोडी तू, आणि पंचावन्न वर्षं मला म्बाक म्हणतेस?"

"हळू बोल."

"हळू बोलू? तुझ्या साठीचा भात रचला मी! त्रेसष्ट वर्षांची होतीस तू तेव्हा. पोटभर खाल्लास ना?"

"खाल्ला," तिनी म्हणाली. "रात्री उलटून पडला."

रेत्नो हसली असती, दुसरा कुठला दिवस असता तर. "कुणी केलं?"

"कोच म्हणाले, ही दिसते लहान, कागद मी बघतो. बाबांनी मान डोलावली. तेव्हा सगळेच वय चोरायचे, रेत्नो. चौथ्या लेनमधली होती ना, तिचं तर लग्न ठरलं होतं."

पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा तिनी नुसतं 'रेत्नो' म्हणाली होती. ते कानात गेलं आणि रेत्नोच्या डोक्यात तिडीक उठली.

"तुला माहीत होतं?"

"मला माझं वय माहीत नसणार?"

"आणि मी तिथं रडत बसले होते, तेव्हा तू येऊन माझे केस पुसलेस. तू! तेव्हा तरी तोंड उघडायचंस."

"घाबरले होते गं. मग शिबिरात गेले. मग परत आले तेव्हा तुझं लग्न ठरलेलं. मग कधी सांगणार? रस्त्यात? भाजी घेताना?" तिनीनं टॉवेल घट्ट धरला. "दर वर्षी ठरवायचे. आता तू महिनाभर ओरडत होतीस, दोन वर्षं कमी, दोन वर्षं कमी. म्हटलं, माझ्याकडे तीन आहेत. तोंडानं सांगवेना, म्हणून गपचूप कार्ड तुझ्या पाकिटात टाकलं."

"म्हणजे मोठे उपकार केलेस."

"नाही. तसं नाही म्हणत मी."

बाहेर ध्वनिक्षेपकावर त्यांच्या रिलेचं नाव पुकारलं. रेत्नो दाराकडे गेली. कडीला हात घातला. ही बाई इथंच बसू दे, तिला वाटलं, अर्ध्या कॉश्च्युममध्ये, ना वर ना खाली, बसू दे संध्याकाळपर्यंत. मग तिला सुरुवातीच्या कट्ट्याशी हातपाय झटकत उभ्या असलेल्या प्राप्ती आठवल्या. एक मिळालं की सुटले.

ती परत फिरली. "ऊठ."

तिनी उठली. रेत्नोनं कॉश्च्युमची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. नितंबांवरून, कमरेवरून, पोटाच्या वळ्यांवरून. तिनी दोनदा कळवळली. रेत्नोनं थांबून विचारलं नाही, एरवी विचारायची. पट्टे खांद्यांवर चढवले आणि सोडले, ते चाबकासारखे बसले. इतका राग होता, तरी नखं लावली नव्हती. ते तिच्या नंतर लक्षात आलं.

पन्नास मीटरचा तलाव. प्राप्ती उलट्या पोहत पलीकडच्या टोकाला जाणार, तिथून रेत्नो ब्रेस्टस्ट्रोकनं अलीकडे येणार, अलीकडे उभी तिनी बटरफ्लाय करत जाणार, आणि तिथून शेवटी जिओक परत येणार. रेत्नो चालत पलीकडे गेली तेव्हा जिओक म्हणाली, "एवढी पांढरी का पडलीस?" रेत्नो म्हणाली, "कॉश्च्युम घट्ट झालाय." हे खोटं नव्हतं.

प्राप्ती जीव तोडून पोहल्या. तोंड उघडं, डोळे छताला, हात पवनचक्कीसारखे. सिंगापूरची बाई त्यांच्या पुढे दीड अंगानं पोचली. प्राप्तींचा हात भिंतीला लागला आणि रेत्नोनं उडी मारली.

पाण्यात कुणी काही बोलत नाही, हे तिला नेहमी आवडायचं. आज पाणीच बोलत होतं. चार दशांश, चार दशांश. ती अशी पोहली की अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी तिला नंतर आठवडाभर शिव्या द्याव्यात. अर्ध्यावर तिनं सिंगापूरला गाठलं. पुढच्या दहा हातांत मागे टाकलं. प्रत्येक श्वासाला डोकं वर आलं की समोर कट्ट्यावर वाकलेली तिनी दिसायची. गुडघे वाकवलेले, बोटं कट्ट्याच्या कडेला, नजर रेत्नोच्या हातांवर. रेत्नोचे हात भिंतीला लागले की तिनीनं उडायचं. त्याआधी उडाली तर सगळा संघ बाद.

भिंत वीतभर अंतरावर आली आणि रेत्नो थांबली.

तिनं ठरवलं नव्हतं. हात पुढे जायचे ते छातीपाशीच राहिले. ती पाय हलवत तिथंच तरंगत राहिली आणि तिनं वर बघितलं. शेजारच्या लेनमधून सिंगापूरच्या बाईचं पाणी तिच्या तोंडावर आलं. गॅलरीतून ओरडा सुरू झाला. कुणीतरी शिट्टी मारत होतं. पंचानं वाकून काहीतरी म्हटलं. आपण काय करतोय हे रेत्नोला कळत होतं, आणि तरी विश्वास बसत नव्हता की हे करणारी बाई आपण आहोत.

तिनी ओरडली नाही. ती वाकलेली होती ती हळूच सरळ झाली. हात दोन्ही बाजूंना सोडले. कट्ट्यावर नुसती उभी राहिली, बस चुकलेली बाई थांब्यावर राहते तशी. तू म्हणशील तितका वेळ, असं तिचं तोंड सांगत होतं. सिंगापूरची तिसरी बाई शेजारून उडाली. सुराबायाचीही उडाली. तिनी उभीच.

रेत्नोला वाटलं होतं बरं वाटेल. कुठं काहीच झालं नाही. पाणी थंड होतं, एवढंच.

तिनं दोन्ही हात भिंतीला लावले. डोक्यावरून तिनीची सावली गेली.

तिनी सत्तर वर्षांची होती आणि तरी ती त्या दिवशी जे पोहली ते बघायला दुसऱ्या लेनमधले पंचही वळले. सुराबायाला तिनं गाठलं, मागे टाकलं. सिंगापूरला तिच्यामागून जिओकनं जवळजवळ गाठलं. जवळजवळच. फलकावर आकडे आले. चांदी मिळाली, सोनं एका सेकंदानं गेलं. रेत्नो वीतभर अंतरावर चार-पाच सेकंद तरंगली होती.

ती बाहेर येऊन बाकावर बसली. पलीकडच्या टोकाहून प्राप्ती ओल्या पावलांनी घाईघाईनं येत होत्या, टोपी हातात, डोळे लाल. तिथून त्यांना वरची मुंडकी तेवढी दिसली असणार. त्यांच्यामागून तिनी येत होती.

"गोळा आला ना गं पायात?" प्राप्ती म्हणाल्या. "मी म्हटलंच जिओकला, पायात गोळा आल्याशिवाय ही मधेच थांबायची नाही. इतकी सुंदर येत होतीस!"

"हो," रेत्नो म्हणाली.

इतकंच. तोंड उघडलं आणि आलं. धाप लागली नाही, जीभ अडखळली नाही, कुणी गळा दाबला नाही. ती स्वतःचाच आवाज ऐकून थक्क झाली. खोटं बोलायला काहीतरी लागत असेल, धीर लागत असेल, दगडाचं काळीज लागत असेल, असं तिला तासाभरापूर्वीपर्यंत वाटत होतं.

"अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस," प्राप्ती म्हणाल्या. "माझंच चुकलं. मीच पहिल्यांदा मागे पडले. मी जर तेवढी मागे पडले नसते, तर तुझ्या गोळ्यानंतरही आपलं सोनं होतं." त्यांचा आवाज फुटला आणि त्यांनी तो खोकून सावरला. मग बहात्तर वर्षांच्या प्राप्ती ओल्या फरशीवर, घट्ट कॉश्च्युममध्ये, कण्हत गुडघ्यांवर बसल्या. पिशवीतून निलगिरीच्या तेलाची बाटली काढून तळहातावर तेल ओतलं.

त्यांच्या मागे तिनी येऊन उभी राहिली होती. अंगावरून पाणी गळत होतं. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि तिथं वर उभं राहून सगळं बघितलं तर तिनं एकटीनंच होतं. रेत्नोनं तिच्याकडे बघितलं. तिनीनं नजर खाली घेतली. पण तिच्या तोंडावर जिंकल्याचा भाव नव्हता. रेत्नोची दया येत होती तिला, आणि रेत्नोला ती सहन होईना.

आत्ता सांगावं. आत्ताच, तेल लागायच्या आत. रेत्नोनं खरंच तोंड उघडलं.

"कुठला पाय गं?" प्राप्तींनी वर बघत विचारलं.

"उजवा," रेत्नो म्हणाली, आणि तिनं पाय पुढे केला.